डावीकडे बघणारा बगळा

"तू जर पावाचा तुकडा असतीस, तर तुझ्यावर काय ठेवलेलं असतं?" असं विचारत सिग्नेने बोदिलच्या कॉलरला नखाएवढा माईक अडकवला.

बोदिलने आधी माईककडे पाहिलं, मग सिग्नेकडे. "का?"

"अगं, आवाज नीट येतोय का बघायचंय. काहीही सांग."

"काहीही सांगायचं, तर मग पावाचंच का विचारलंस?"

कोपऱ्यात यंत्राशी बसलेला माणूस खुदकन हसला आणि त्याने अंगठा वर केला. आवाज छान येत होता. म्हणजे तिचा संशयसुद्धा या लोकांनी आवाज तपासायला वापरून घेतला होता. बोदिलने ओठ मिटले आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली.

बोदिल थ्यूगेसन एकाहत्तर वर्षांची होती आणि कारण न सांगता मिळालेल्या कुठल्याही गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. शेजारणीने जामची बाटली दिली, तर ती आधी झाकण उघडून वास घ्यायची आणि मग आभार मानायची. बँकेतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पत्र आलं, तेव्हा तिने फोन करून विचारलं होतं की यामागे नेमकं काय आहे. लोक तिला खडूस म्हणायचे. पण हा स्वभाव काही ती आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. तो तिला चोविसाव्या वर्षी लागला आणि मग सुटला नाही.

सिग्नेचा कार्यक्रम ऑर्हूस शहरात सगळ्यांना माहीत होता. महिन्यातून एका रविवारी, दुपारी दोन वाजता, बंदरावरच्या जुन्या धान्याच्या गोदामात ती नामांकित ग्राफिक डिझायनरांना आणि चित्रकारांना बोलवायची आणि त्यांना शुद्ध वेडगळ प्रश्न विचारायची. कामाचं गंभीर काही बोलायचं नाही, हाच नियम. जन्मभर अक्षरं घडवलेल्या एका जाडजूड माणसाला तिने विचारलं होतं, यातल्या कुठल्या अक्षराशी लग्न करशील? तो म्हणाला, गोल 'ओ'शी, कोपरेच नाहीत तर भांडण कुठे ठेवणार. मुलांच्या पुस्तकांतले कुत्रे काढून देशभर गाजलेल्या बाईने कबूल केलं होतं की ते सगळे कुत्रे म्हणजे तिचा मेहुणा आहे आणि त्याला अजून पत्ता नाही. बोदिल हे सगळे कार्यक्रम घरी कपड्यांना इस्त्री करताना ऐकायची. एवढी मोठमोठी माणसं पोरांसारखी बडबडताना ऐकून तिला बरं वाटायचं.

पण ऐकणं वेगळं आणि बोलावणं येणं वेगळं. तिने आयुष्यातली एकतीस वर्षं पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिकांसाठी चित्रं काढली होती. पंप सुटा केला की कुठला स्क्रू कुठून निघतो, कुठलं वायसर कशाखाली बसतं, ते बाण काढून दाखवायचं. यात विचारण्यासारखं काय होतं? सिग्नेच्या पत्रात एकच कारण दिलेलं होतं. प्रेबेन यूलस्कोव यायला तयार झाला होता, पण त्याची अट होती की शेजारच्या खुर्चीवर बोदिल हवी.

पत्रातला तो एक शब्द, अट, तिने चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून वाचला होता.

प्रेबेन यूलस्कोव हे नाव माहीत नसलेला माणूस या देशात सापडेल, पण त्याचा बगळा न पाहिलेला सापडणार नाही. सहकारी दूधसंघाच्या प्रत्येक दुधाच्या खोक्यावर तो एका पायावर उभा असतो, मान डावीकडे वळवून. घराघरातल्या फ्रीजच्या दारात तो गेली सत्तेचाळीस वर्षं उभा आहे. आणि त्याची ती डावीकडे वळलेली मान तर त्याच्याहून प्रसिद्ध. कलेच्या शाळांमधून ती शिकवतात.

ती मान बोदिलच्या चुकीने वळली होती, आणि हे तिने कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. मोठा डिझायनर पेन्सिलीने रफ काढायचा, आणि ते फेअर करायला वेगळी माणसं असायची. पारदर्शक फिल्म रफवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि शाईच्या पेनने रेघ अशी काढायची की भिंगाखाली बघितली तरी ती थरथरलेली दिसू नये. छापायला जायची ती हीच फेअर. नाव डिझायनरचं लागायचं. फेअर करणाऱ्याने कोपऱ्यातसुद्धा सही करायची नाही, हा धंद्याचा रिवाजच होता, आणि बोदिलला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. प्रेबेनच्या स्टुडिओत ती सगळ्यांत लहान होती आणि तिची रेघ सगळ्यांत चांगली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमधल्या एका शुक्रवारी प्रेबेनने ट्रेसिंग पेपरवरचा बगळा तिच्या टेबलावर टाकला आणि तो बायकामुलांना घेऊन स्केगन गावातल्या घरी सुट्टीवर निघून गेला. बोदिलची दाढ दुखत होती, गाल सुजून टम्म झाला होता. ट्रेसिंग पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. तिने तो पालथा ठेवला आणि त्यावर फिल्म ठेवून पाच तास मान वर न करता गिरवत बसली. दूधसंघाची अक्षरं वेगळी चिकटवायची होती, नाहीतर ती उलटी दिसून तिथेच कळलं असतं. फिल्म संध्याकाळी छापखान्यात गेली. सोमवारी रफ फायलीत लावायला तिने उचललं, पेन्सिलीची बाजू वर केली आणि मग तिला दिसलं. प्रेबेनचा बगळा उजवीकडे बघत होता.

तिने त्या रफचे बारीक तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात, कॉफीच्या चोथ्याखाली दाबून टाकले.

दोन आठवड्यांनी प्रेबेन परतला. नवी खोकी टेबलावर होती. त्याने एक उचललं, सगळीकडून फिरवून पाहिलं, फोडलं, दूध कॉफीत ओतलं आणि म्हणाला, "दूध चांगलं आहे." बस. आणि पानगळीच्या सुमारास एका मासिकात त्याची मुलाखत आली. त्यात त्याने म्हटलं होतं की सगळ्यांची चिन्हं उजवीकडे धावतात, पुढे, भविष्याकडे. माझा बगळा मुद्दाम डावीकडे बघतो, जिथून तो आला तिकडे, गवताकडे आणि गाईंकडे. दूधसंघवाले खूश झाले. प्राध्यापक मंडळी खूश झाली. हेच मग तो प्रत्येक भाषणात सांगू लागला.

तेव्हापासून बोदिलच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. याला माहीत आहे की नाही? नसेल, तर आपण काय काढलं होतं हेही न आठवणारा हा माणूस मोठा कसला? आणि असेल, तर तो दिवसाढवळ्या खोटं बोलतोय, तेही तिच्यासमोर, ती काही बोलू शकणार नाही हे ओळखून. आठ वर्षं ती तो बगळा फेअर करत राहिली, ट्रकवर लावायचा मोठा, चीजच्या डबीवरचा बारका, गवळ्यांच्या ॲप्रनवरचा. आठ वर्षं ती प्रेबेनकडे चोरून बघत राहिली. शहाऐंशी साली त्याला मोठा पुरस्कार मिळाला. भाषणात गवत आलं, गाई आल्या, आणि मध्येच थांबून त्याने चौथ्या रांगेत बसलेल्या बोदिलकडे बघितलं आणि तो हसला. एवढंच. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला. कारण काय सांगितलं, तर पंपांचा कारखाना घराजवळ आहे.

"त्याला आता तुझ्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचं असणार," पत्र आलं तेव्हा तिची बहीण ग्रेथे फोनवर म्हणाली होती. ग्रेथेला चूकबीक काही ठाऊक नव्हती, तिचा आपला सगळ्या पुरुषांबद्दलचा एक सर्वसाधारण अंदाज होता. "एकतर जाऊ नकोस. नाहीतर जा, केक खा आणि ये." बोदिलला जायचं नव्हतं. पण आपण न जाता मेलो तर हा किडा आपल्याबरोबरच पुरला जाईल, याची तिला जास्त भीती वाटली.

प्रेबेन आला तेव्हा तिने त्याला आधी काठीमुळे ओळखलं नाही आणि मग आवाजावरून ओळखलं. पंच्याऐंशी वर्षांचा, पूर्वी उंच होता, आता वाकलेला. गळ्यात पिवळा मफलर. तो तिच्यासमोर थांबला आणि त्याने तिचं नाव घ्यायला अंमळ जास्तच वेळ लावला.

"बोदिल," तो म्हणाला. "आलीस. मला वाटलं, येणार नाहीस."

"तू अट घातलीस."

"मग काय करणार? नुसतं बोलावलं असतं तर आली असतीस?"

राजघराणं सोडलं तर सगळ्यांना अरे-तुरे करणारा देश हा, पण इतक्या वर्षांनी त्याला 'तू' म्हणताना तिची जीभ अडखळली. त्याने पुढे केलेला केकचा तुकडा तिने घेतला आणि खाल्ला नाही.

गोदाम गच्च भरलं होतं. तिघांच्या खुर्च्यांमध्ये एक बुटकं टेबल, त्यावर कॉफी आणि अर्थातच बगळ्याचं दुधाचं खोकं. सिग्नेने सुरुवातच प्रेबेनपासून केली. तुझा बगळा दुकानात गेला तर काय घेईल? दूध सोडून काहीही, तो म्हणाला, दुधाला तो विटलाय. कुठल्या रंगाला तू घरात घेणार नाहीस? जांभळ्याला. तो जेवायला येतो आणि उठतच नाही. लोक हसत होते. म्हातारा रंगात आला होता, आणि प्रत्येक उत्तरानंतर तिरक्या नजरेने बोदिलकडे बघत होता. ती नजर तिला चौथ्या रांगेपासून माहीत होती.

मग सिग्ने तिच्याकडे वळली. "बोदिल, एखादा पंप जर नाचायला लागला, तर तो कुठला नाच करेल?"

ही आपली टिंगल आहे की सगळ्यांशीच अशी बोलते, हे बोदिलला ठरवता येईना. शेवटी तिने प्रश्नाला प्रश्न म्हणूनच घेतलं. "कुठला पंप? पाण्यात बुडवायचा की बाहेर ठेवायचा?"

"बुडवायचा."

"मग तो नाचणार नाही. पाण्याबाहेर आला की पाच मिनिटांत जळतो."

सगळं गोदाम हसलं. बोदिलने माणसांवरून नजर फिरवली. हसण्यात विष आहे का, ते ती शोधत होती. सापडलं नाही. दुसऱ्या रांगेतला एक टकलू माणूस तर मान डोलावत होता, त्याचा पंप बहुधा जळलेला होता. पुढच्या दोन प्रश्नांनाही तिने अशीच सरळसोट उत्तरं दिली, आणि लोक आणखी हसले, आणि तिला चक्क मजा यायला लागली. लगेच तिला या मजेचाच संशय आला. माणसाला आधी खुलवतात आणि मग नेमकं काढून घेतात, पोलीससुद्धा असंच करतात म्हणे.

"माझ्याकडे सोळा माणसं होती," प्रेबेन मध्येच म्हणाला. "पंधरा जणांना माझी चित्रं आवडायची. हिला एकटीला आवडायची नाहीत. म्हणून ती धड व्हायची."

टाळ्या पडल्या. बोदिलने पर्सचा बंद घट्ट धरला. लोणी लावतोय, तिला वाटलं. आता येईल ते.

"आणि तो बगळा," सिग्ने म्हणाली, "इतकी वर्षं डावीकडे बघतोय. तिकडे आहे तरी कोण?"

"एक गाय आहे," प्रेबेन म्हणाला.

हशा पिकला, पण बोदिलची मान ताठ झाली. गवत आणि गाई. इथेही तेच. सत्तेचाळीस वर्षांत याने एक शब्द बदललेला नाही आणि आता तिला शेजारी बसवून तेच म्हणतोय, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर हिने ऐकलं होतं, ही गप्प होती, असं सांगता येईल. बोलावण्याचं कारण तिला कळलं असं वाटलं, आणि वाईट म्हणजे तिला रागापेक्षा जास्त दुःख झालं. इथे येताना बसमध्ये तिने मनाच्या एका कोपऱ्यात काही वेगळीच आशा धरली होती.

कार्यक्रमाच्या शेवटी नेहमीचा खेळ होता. पाहुण्याने डोळ्यांवर पट्टी बांधून अर्ध्या मिनिटात आपलं सगळ्यांत गाजलेलं चित्र काढायचं. दिग्गजांची यात नेहमीच दाणादाण उडायची, लोक त्यासाठीच थांबायचे. कुत्रेवाल्या बाईने या खेळात बटाटा काढला होता. आज दोन पाहुणे, म्हणून दोन पट्ट्या, दोन जाड मार्कर, गुडघ्यांवर कागद लावलेले दोन बोर्ड. पट्ट्या म्हणजे सिग्नेच्या आजीने विणलेले लोकरी मफलर होते, डोळ्यांना टोचणारे.

अंधारात बोदिलचा हात आपणहून चालला. चोच, मान, पाठ, एक पाय. हा बगळा तिने इतक्या वेळा काढला होता की तो तिच्या मनगटातच राहायला आला होता. घंटी वाजली. तिने मफलर काढला, आपला कागद बघितला आणि मग शेजारचा.

प्रेबेनचा बगळा सुरेख होता, एका दमात काढलेला. आणि तो उजवीकडे बघत होता.

आधी सगळे हसायला गेले, पण ते हसणं अर्ध्यावरच विरलं. दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी उभे होते, दोन बगळे एकमेकांकडे बघत होते. मागच्या रांगांत कुजबूज सुरू झाली. कोणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं, ते माईकमधूनही ऐकू आलं. ज्या माणसाने अर्धशतक आपल्या बगळ्याची मान कुठे का वळलीय हे सांगण्यात घालवलं, त्यालाच आता ते आठवत नव्हतं. सिग्नेचा चेहरा कनवाळू झाला. नर्स औषध पाजताना बोलतात त्या आवाजात ती म्हणाली, "प्रेबेन, तुझ्या बगळ्याने आज मान फिरवलेली दिसतेय."

प्रेबेन आपल्या कागदाकडे बघत राहिला. एरवी एका वाक्यात गोदाम खिशात घालणारा माणूस, मफलर हातात धरून बसून राहिला.

बोदिलला हवं ते आयतं समोर आलं होतं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. म्हातारा विसरभोळा झाला, असं सगळं शहर उद्या म्हणणार होतं, आणि तिची चूक कायमची कॉफीच्या चोथ्याखाली राहणार होती. पण तिच्यासमोर जी रेघ होती ती चुकीची नव्हती. बरोबर रेघेला चूक म्हणताना गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं, कारखान्यात इंजिनियरांसमोरही नाही.

"त्याचा बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "माझा चुकलाय. याने उजवीकडे बघणाराच काढला होता. मी कागद पालथा ठेवला आणि उलटा गिरवला. अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये. शुक्रवार होता."

मग गोदाम फुटलं. लोक हसून हसून खुर्च्यांवर वाकडे झाले, पाय आपटून टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. सिग्नेने सुटकेचा श्वास टाकून बोदिलचा खांदा दाबला आणि माईकमध्ये म्हणाली की आजवरचं हे सगळ्यांत उत्तम उत्तर. शुक्रवार होता, शुक्रवार होता, मागे कोणीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होतं.

एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही. सत्तेचाळीस वर्षं जे बोलायला तिची छाती झाली नव्हती, ते तिने चारशे लोकांसमोर बोलून टाकलं, आणि त्यांना तो विनोद वाटला. हसत नव्हता तो फक्त प्रेबेन.

नंतर तो तिला कोट ठेवायच्या खोलीत सापडला. बाकावर बसून तो कोटाची बाही शोधत होता. बोदिलने ती धरली, तरी त्याने हात घातला नाही.

"दूधसंघाच्या अध्यक्षाचा फोन आला होता," तो म्हणाला. "स्केगनला. पहिली खोकी बघून. ओरडत होता. आम्हाला दाखवला तो पक्षी हा नव्हे, कोणी केलं हे, त्याला आजच्या आज काढून टाक."

बोदिल उभीच राहिली.

"मी म्हटलं, मीच वळवला. तो म्हणाला, का? आता काय सांगू? खिडकीतून बघितलं तर शेजाऱ्याची गाय चरत होती. ते गवत आणि ती गाय, सगळं त्या फोनवर सुचलं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माझं चित्र मला माहीत नसणार?"

"मग सांगितलं का नाहीस?" तिचा आवाज चढला. "मी रोज तुझ्यासमोर बसत होते. आठ वर्षं."

"पहिल्या दिवशी सांगणार होतो. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. मग मासिकवाल्यांनी विचारलं आणि मी तेच सांगितलं. मग लोकांना आवडलं." त्याने मफलर गुडघ्यावर सारखा केला. "मलाही आवडलं. खोटं का बोलू? बक्षिसं कोणाला नको असतात? पण मला वाटायचं, तुला कळलेलं आहे. भाषणात तो भाग आला की मी तुझ्याकडे बघायचो. आपली दोघांची गंमत, म्हणून."

ती चौथी रांग बोदिलला आठवली. ते हसू तिने किती वर्षं उलटंपालटं करून तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात तिला कुचेष्टाच सापडली होती. या माणसाने मूर्खपणाने तिच्यावर भरवसा टाकला होता, आणि तिने हुशारीने टाकला नव्हता. तिला राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. एकतीस वर्षं वायसर आणि स्क्रू. वाईट काम नव्हतं ते. पण ते तिने निवडलं नव्हतं, ती तिथे पळून गेली होती.

"तू गेलीस तेव्हा दाराची पाटी करायला टाकली होती मी," प्रेबेन म्हणाला. "दोन नावांची."

"कुठे आहे?"

"तळघरात होती. मागे पाणी भरलं, तेव्हा फुगून फुटली."

"पंप नव्हता?"

"होता ना. तुमच्याच कारखान्याचा. चालला नाही."

"खालच्या झडपेचा स्क्रू सैल करायचा असतो आधी," बोदिल म्हणाली. "पान सहा. पुस्तिका वाचली नसशील."

"चित्रं बघितली होती. फार सुंदर होती. ती बघत बसलो आणि पाणी वर आलं."

ती हसली नाही, पण तिला बाकावर त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं आणि ती बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आज मुद्दाम काढलास का उजवीकडे?"

"डोळ्यांवर पट्टी होती, बोदिल."

"हे उत्तर नाही."

"डॉक्टर म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात मला नावं आठवतील याची खात्री नाही. काही काही आताच जातात. म्हटलं, त्याच्या आत एकदा भेटावं." एवढं बोलून त्याने कोटाच्या बाहीत हात घातला, आणि बगळा मुद्दाम उजवीकडे काढला होता की हातच तिकडे गेला, हे त्याने सांगितलं नाही. बोदिलने त्याच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं, सवयीने, आणि काही कळलं नाही. या वेळी तिने ते तिथेच सोडून दिलं. सोपं गेलं नाही.

सिग्ने दोन्ही कागद घेऊन धावत आली. कार्यक्रमातली चित्रं गोदामाच्या भिंतीवर लावायची पद्धत होती, त्यासाठी सह्या हव्या होत्या. प्रेबेनने गुडघ्यावरच कागद घेतला आणि त्याची ती देशभर ओळखीची सही एका फटक्यात ओढली. मग पेन्सिल बोदिलपुढे धरली.

"मी सही करत नाही," ती म्हणाली. "फेअर करणारे करत नसतात."

"कोण म्हणतं?" सिग्नेने विचारलं.

बोदिलने प्रेबेनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "मी म्हणायचो," तो म्हणाला. "कर."

बोदिलने पेन्सिल घेतली, टोक बोटाने तपासलं आणि कागद खिडकीतल्या ओट्यावर उजेडात नेऊन ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की चेकवर आणि फॉर्मवर करतो ती वेडीवाकडी सोडली, तर आपल्याला सहीच नाही. तिने सिग्नेकडे पट्टी मागितली. सिग्ने कुठूनशी एक लाकडी पट्टी घेऊन आली. बोदिलने बगळ्याच्या पायाखाली दोन फिकट समांतर रेघा आखल्या, त्यांच्यामध्ये एकेक अक्षर सरळ उभं करत नाव लिहिलं, पहिलं आणि आडनाव दोन्ही, आणि मग त्या आखलेल्या रेघा खोडरबराने पुसून कागदावरचा कचरा फुंकरीने उडवून टाकला.